डाव्या हाताचा पट्टा

बन्सीलालने बहिणीच्या घरी चहाला नको म्हटलं आणि त्या एका 'नको'पायी भावाबहिणीत अबोला सुरू झाला. बाहेरच्याला वाटेल, एवढ्याशा चहाचं ते काय! पण असं वाटणारा माणूस तापीकाठच्या गावांत कधी पाहुणा म्हणून गेलेला नसावा. इथे उंबरा ओलांडला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, पाठोपाठ चहा. पोटात जागा नसली तरी बशीभर घ्यायचा असतो. नाहीच घेतला तर घरच्या बाईच्या मनाला ते लागतं आणि चार जणींत बोललंही जातं.

त्यात हा चहा दगूबाईचा होता. खांडबाऱ्याला दिलेली बन्सीलालची एकुलती एक धाकटी बहीण. ती सासरी गेली तेव्हापासून तिच्या चहाला नावं ठेवणं हे बन्सीलालचं ठरलेलं काम. "दगू, हाऊ चहा शे का पानी?" असं तो पहिल्या घोटाला म्हणायचा, ती कप हिसकावून घ्यायला धावायची आणि मग तो दोन कप पिऊन उठायचा. सगळ्या पैपाहुण्यांना हे पाठ होतं.

आणि त्या दिवशी, दगूबाईच्या लेकीच्या, काजलच्या साखरपुड्याला, भरल्या बैठकीत बन्सीलालने कपावर हात आडवा धरला. पाणीही घेतलं नाही. ना थट्टा, ना नावं ठेवणं. ओठ कोरडे पडलेले, चेहरा ओढलेला, तसाच बसून राहिला. अंगठी घालून झाली तशी "जीपवाला घाई करी ऱ्हायना" म्हणत बायकोला घेऊन निघालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दगूबाईचा फोन भावाला नाही, भावजयीला आला.

"वैनी, दादाले नवरदेव पसंद नही, माले समजी गयं. त्यासनी सांगेल शहादाना पोऱ्या आम्हीन नको म्हनं, त्याना राग शे हाऊ. पन मन्हा घरनं पानी बी कडू व्हयनं का त्यासले?"

"आसं काही नही वं बाई," रंजनाबाई म्हणाली.

"मंग काय शे?"

काय आहे ते रंजनाबाईला ठाऊक होतं आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने "तब्येत" म्हटलं, दगूबाईने "हं" म्हटलं आणि फोन बंद झाला.

खरं असं होतं की गेल्या दिवाळीच्या सुमारास बन्सीलालला लकवा मारून गेला. बोलणं वाचलं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात गेला. बोटांत जोरच येईना. हा माणूस आपल्या कोरीट गावच्या शिवारातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारींचा डॉक्टर. शेती स्वतःची होतीच, पण कुणाची मोटार बंद पडली की हाक बन्सीलालला. कमरेला जाड चामडी पट्टा, त्याला पंपघराच्या किल्ल्यांचा जुडगा, चामड्याच्या खोळीत पकड, टेस्टर आणि मोबाईलचं पाकीट. चालला की खुळखुळ आवाज यायचा. रंजनाबाईला लग्नापासून त्या आवाजावरून कळायचं, धनी गल्लीच्या तोंडाशी आले, भाकरी तव्यावर टाकायला हरकत नाही.

हात गेला तरी ते ओझं त्याने उतरवलं नाही. पकड धरता येत नव्हती, पण पकड कमरेला हवी. घोडं अडलं ते पट्ट्याच्या बकलापाशी. चामडी पट्ट्याच्या भोकात काटा अडकवायचा, त्याला दोन हात लागतात. मग रोज सकाळी रंजनाबाई पट्टा लावून द्यायची आणि दिवसातून जेव्हा गरज पडेल तेव्हा, भिंतीकडे बघत, सोडूनही द्यायची. घरात हे निभत होतं. घराबाहेर पडला की तो पट्टा म्हणजे कुलूप, आणि त्याची किल्ली एकट्या रंजनाबाईकडे.

म्हणून बन्सीलालने बाहेर जायच्या दिवशी पाणी पिणं सोडलं. सकाळपासून घोटभरही नाही. डेअरीवर चहा नको, सोसायटीत चहा नको. गावात म्हणू लागले, दुखण्यातून उठल्यापासून बन्सीभाऊ फार अकडू झाला.

साखरपुड्याच्या दिवशी एवढं करूनही वेळ आलीच. पुरुष बाहेर मांडवात, बाया आत स्वयंपाकघरात. पन्नास बायांतून बायकोला हाक मारून बाहेर बोलवायचं आणि कशासाठी बोलवलं ते सगळ्यांच्या ध्यानात यायचं, त्यापेक्षा त्याने बहिणीचा राग पत्करला. जीपमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला. घराच्या पायरीपर्यंत पोचला, आणि पायरीवरच उशीर झाला. रंजनाबाईने पँट धुतली, वाळत घातली.  त्या रात्री तो जेवला नाही आणि तीही जेवली नाही.

पायजम्याचा मार्ग नव्हता असं नाही. पण नाडीलाही दोन हात लागतातच. इलॅस्टिकची पँट रंजनाबाईने आणून पाहिली होती. ती घालून, पकड-किल्ल्या अडकवून बन्सीलाल डेअरीपर्यंत गेला आणि दुधाच्या रांगेत पँटने खाली घसरायचा बेत केला. डाव्या हाताने कंबर धरून तो घरी परतला. ती पँट आता फडताळात मागे पडली आहे. पकड-किल्ल्या घरी ठेवून जा, असं एकदा ती म्हणाली होती. त्यावर त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मुलगा ललित नवापूरला नोकरीला. रविवारी घरी आला तेव्हा रंजनाबाईने त्याला मागच्या दारी गाठून अर्धं सांगितलं, अर्धं त्याने ओळखलं. पोरगा शहाणा, बापाला एका शब्दाने विचारलं नाही. मोबाईलवर बघून काळ्या नायलॉनचा एक मजबूत पट्टा मागवला. झटकन सुटणारा, फौजी लोक वापरतात तसला. टॅक्टिकल म्हणतात म्हणे त्याला. बकलाच्या दोन्ही बाजू अंगठ्याने आणि बोटाने दाबल्या की टक्कन उघडायचा. पुढच्या रविवारी बन्सीलालने डाव्या हाताने दाबला. उघडला! ललित हसला, रंजनाबाईला हायसं वाटलं.

मग बन्सीलालने तो लावायला घेतला. एक टोक धरलं तर दुसरं पळे. दुसरं धरलं तर पहिलं. बकलाचा एक भाग दुसऱ्यात सरळ घुसवायचा, म्हणजे दोन्हीकडून रेटा हवा. पोटाने दाबून पाहिलं, भिंतीला टेकून पाहिलं. कपाळावर घाम आला. शेवटी त्याने पट्टा खाटेवर फेकला.

"सोडता येस, बांधता येत नही. मंग काय गावभर हातमा पँट धरी फिरू का?"

ललितने तो उचलून गुंडाळून ठेवला. बन्सीलाल हळू आवाजात म्हणाला, "मी लगनले येवाव नही. दगूले सांगी द्या, तब्येत बरी नही."

"मामा नही ते पोरना पाठमांगे कोन उभं ऱ्हाई?" रंजनाबाई म्हणाली.

"कोनी बी ऱ्हाई. चुलतमामा शेतस ना."

काजलला लहानपणी खांद्यावर घेऊन हाच माणूस खांडबाऱ्याच्या बाजारात फिरायचा. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि सख्खा मामा जिवंत असताना चुलतमामा उभा राहिला तर दगूबाई त्याचा काय अर्थ घेणार ते उघड होतं. चहाचं एकवेळ मिटलं असतं. हे मिटलं नसतं. आणि घरात बसलेला नवरा त्यानंतर पुन्हा कधी कुठल्या घरी पाहुणा म्हणून जाणार नाही, ही भीती रंजनाबाईला त्याहून मोठी होती. तिला त्याचा राग आला, कीव आली आणि सगळ्यात जास्त म्हणजे माया आली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी "बांगड्या लेवाले जास" असं सांगून ती एकटीच नंदुरबारला गेली. आदल्या दिवशीच्या फजितीनंतर तो पट्टा न लावताच घरी बसला होता; तिच्या पिशवीत तळाशी त्याच्या किल्ल्यांचा जुडगा, पकड, टेस्टर. स्टेशनच्या बाजूला नवनीतचं दुकान आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तिथे बूट, बनियन, पट्टे घेतात. त्या पोरांच्या गर्दीत ही नऊवारीतली नसली तरी डोक्यावर पदर घेतलेली बाई शिरली आणि म्हणाली, "पट्टा दखाडा. एक हातनी लागी आनि एक हातनी सुटी, आसा."

"कोनले पाहिजे, मावशी?" नवनीतने विचारलं.

"माले."

"तुमले?"

"काब्र? बायासले कंबर ऱ्हास नही का?" रंजनाबाई म्हणाली. "किल्ल्या मन्हाकडे, पंपघर मन्हाकडे. एक हातमा कायम काही ना काही ऱ्हास. दुसरा हातनी जमाले पाहिजे."

नवऱ्याचं नाव तिने दुकानात निघू दिलं नाही. नवनीतनेही पुढे विचारलं नाही, मुकाट्याने पट्टे काढून मांडले.

मग तिने जे केलं ते त्या पोरांनी घरी जाऊन आयांना नक्की सांगितलं असणार. उजवा हात पदरात गुंडाळून तिने पाठीमागे कमरेला खोचून टाकला आणि साडीवरूनच, एकट्या डाव्या हाताने, एकेक पट्टा लावून बघू लागली. ललितने मागवला होता तसला पहिल्यांदाच बाजूला सारला. पितळी बकलाचा फौजी पट्टा ओढून घट्ट झाला, पण सैल करायला दुसरा हात मागू लागला. वेल्क्रोच्या चिकटपट्टीचा पट्टा छान लागला. तिने त्याला पकड आणि जुडगा अडकवला, खाली मांडी घालून बसली, उठली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा उठताना चर्र आवाज झाला आणि किल्ल्या नवनीतच्या पायावर पडल्या.

"आजी, तुमीन बी भरतीले येतस का?" एका पोराने विचारलं.

"येसू ना. धावामा तुलेच मांगे टाकसू," रंजनाबाई म्हणाली आणि दुकानात हशा पिकला. ती मात्र हसता हसता पुढचा पट्टा उचलत होती. डाव्या मनगटाला कळ लागली होती. हे तो रोज करतो, एकटा, दार लावून, असं तिच्या मनात आलं आणि तिचं हसू मावळलं.

शेवटी नवनीतने वरच्या फळीवरून एक पट्टा काढला. जाड विणीचा, दुमडूनही न दुमडणारा. बकलात लोहचुंबक, आणि नुसतं चुंबक नाही, आत धातूची आकडीही. एक टोक दुसऱ्याजवळ नेलं की ते आपसूक खेचलं जाऊन खट्‌ करून बसायचं. वरची जीभ अंगठ्याने सरकवली की मोकळं. रंजनाबाईने लावला. सोडला. पकड, जुडगा, टेस्टर, सगळं लटकवून दुकानात फेऱ्या मारल्या, बसली, उठली, वाकली. बकल जागचं हललं नाही. किल्ल्या तेवढ्या चुंबकाला जाऊन चिकटल्या, त्या तिने मागच्या बाजूला सरकवल्या.

"मावशी, भरतीना पोरं बी इतलं देखतस नही," नवनीत म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, पट्टा गुंडाळत म्हणाला, "डावा हातनं माणूस व्हई ते पट्टा उलटा ओवा. बकलनं जड टोक उजवीकडे ऱ्हावाले पाहिजे, ते पक्कं बांधी टाका. मंग डावा हातले फक्त हलकं टोक आनानं काम."

त्याला कळलं होतं तर. रंजनाबाईने मान हलवली.  "तुन्हा लेकरं सुखी ऱ्हावोत" एवढंच म्हणून ती निघाली. बांगड्या घ्यायच्या राहून गेल्या.

घरी आल्यावर तिने मिरचीची पोती शिवायचं दाभण काढलं. बन्सीलाल ओट्यावर पेपर वाचत होता. आत बसून तिने त्याच्या चांगल्या पँटमध्ये पट्टा उलटा ओवला आणि जड टोक उजव्या बाजूच्या पट्टीला सुतळीसारख्या जाड काळ्या दोऱ्याने चार टाके घालून पक्कं केलं. ओढून पाहिलं. अजून दोन टाके घातले. किल्ल्या, पकड, टेस्टर जागच्या जागी लावले आणि पँट खुंटीला अडकवली.

"जुना पट्टानं भोक फाटी गयं व्हतं," ती बाहेर येऊन म्हणाली. "नवा लावी ठेवेल शे."

बन्सीलालने आत जाऊन बघितलं. "हाऊ काय आनं? माले काय पोलीस भरतीले जावानं शे का?"

"नको व्हई ते ऱ्हाऊ द्या. मी कालीबाईकडे जास, मिरच्यासना देठ खुडाना शेतस."

शेजारच्या कालीबाईकडे देठ खुडायचे होते हे खरं. पण रंजनाबाईने आपली पाटी मुद्दाम दोन घरांमधल्या भिंतीला लागून घेतली. तो माणसांसमोर हरला होता, बायकोमुलासमोर हरला होता. आता त्याला एकट्याला सोडायला हवं, एवढं तिला कळत होतं. कालीबाई कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगत होती. रंजनाबाई "हं, हं" करत देठ खुडत होती आणि कान भिंतीकडे होते.

बराच वेळ काहीच नाही. मग किल्ल्या खुळखुळल्या. एक शिवी ऐकू आली, ती तिच्या चांगल्या ओळखीची होती. मग पुन्हा शांतता.

खट्‌.

रंजनाबाईचा हात थांबला. थोड्या वेळाने पुन्हा, खट्‌. मग भराभर, सुटला, लागला, सुटला, लागला, नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा तो माणूस आत पट्टा लावत-सोडत होता. कालीबाईनेही बोलणं थांबवून विचारलं, "काय ठोकी ऱ्हायनात वं भाऊ?"

"मोटारनं काही करत व्हतीन," रंजनाबाई म्हणाली. तिने मिरचीच्या हातांनी डोळे पुसले आणि मग मात्र तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "ललितनी माय! कोठे गयी? चहा टाक ना."

लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीला, ते खांडबाऱ्याला पोचले. ललित गाडी चालवत होता. बन्सीलाल निघताना कपभर चहा आणि तांब्याभर पाणी पिऊन निघाला होता, आणि वाटेत एका झाडापाशी "थांबाड जरासा" म्हणून एकटाच उतरून, एकटाच परत येऊन बसला होता.  ललितने आरशातून आईकडे पाहिलं, एवढंच.

दारात दगूबाई उभी होती. भावाच्या पाया पडली, पण वर बघितलं नाही. "या," म्हणाली, परक्या माणसाला म्हणतात तसं. मांडवात पाहुणे बसले होते. काजल हळदीच्या पिवळ्या साडीत धावत आली आणि "मामा!" म्हणून त्याच्या मेलेल्या हाताला बिलगली. दगूबाई आत गेली. जरा वेळाने तीच चहाचं ताट घेऊन आली. सगळ्यांना कप दिले आणि भावासमोर येऊन थांबली. विचारावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. ताटात एकच कप उरला होता.

रंजनाबाई आतल्या दारात उभी राहून बघत होती. ललितही बघत होता.

बन्सीलालने डावा हात पुढे केला आणि कप घेतला. सगळा चहा शांतपणे प्यायला. कप ताटात ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि काही न बोलता घराच्या मागच्या बाजूला चालू लागला. ललित सवयीने उठायला गेला, रंजनाबाईने मान हलवून त्याला बसवलं. दगूबाई रिकामा कप घेऊन तशीच उभी होती. चहा घेऊनही भाऊ उठून का गेला ते तिला कळेना, तिचा चेहरा पुन्हा उतरला.

मागून बारीकसा आवाज आला, खट्‌. तो एकट्या रंजनाबाईला ओळखू आला. पाठोपाठ किल्ल्यांचा खुळखुळाट. बन्सीलाल पाय ओढत, पण छाती काढून आला आणि आपल्या जागेवर बसला. सदऱ्याचं एक टोक पट्ट्यात अर्धवट अडकलं होतं. ते नीट करायला रंजनाबाईचा हात शिवशिवला, पण ती जागची हलली नाही.

"दगू," तो मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हाऊ चहा व्हता का पानी? इतला वरीस व्हयनात, आजून पानचटच करस तू. जाय, आखो एक कप आन. पन उकाळी आन."

दगूबाईने ताट खाली ठेवलं. भावाच्या हातावर एक चापट मारली, मग त्याच हातावर कपाळ टेकून सगळ्यांदेखत रडू लागली. आणि बन्सीलाल डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटत पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आवं, रडस काय? चहा आन ना. माले आखो पेवाना शे."